मधाची बरणी आणि बंद लिफ्ट

सेक्रेटरींनी बरणी आधी साध्या हाताने धरली, मग रुमालाने धरली, मग पोटाशी धरली आणि शेवटी दोन गुडघ्यांत दाबून धरली. झाकण जागचं हललं नाही. बरणी सासूबाईंनी आणलेल्या मधाची होती. सासूबाई झाकण लावत नाहीत, बंदोबस्त करतात. सगळं सासर जेवायच्या टेबलाभोवती बसून हे बघत होतं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

मग मेहुण्याने हात पुढे केला. हा मेहुणा दोन वर्षांपासून जिमला जातो. त्याचे दंड इतके वाढले आहेत की हात अंगाला टेकत नाहीत, त्यामुळे तो कायम कोणालातरी मिठी मारायला निघाल्यासारखा दिसतो. सेक्रेटरी त्याला मनातल्या मनात ‘डंबेल’ म्हणतात. डंबेलने बरणी घेतली, बोलणं न थांबवता दोन बोटांनी झाकण फिरवलं आणि बरणी सासूबाईंपुढे ठेवली.

“ढिली मीच केली होती,” सेक्रेटरी म्हणाले.

जगात आजवर हे वाक्य जितक्या पुरुषांनी म्हटलं असेल, त्यातल्या एकावरही कोणी विश्वास ठेवलेला नाही. सासूबाईंनी तर “हो, हो” म्हणून त्यांच्या ताटात एक चमचा मध जास्तच वाढला, जसा पडलेल्या पोराला वाढतात.

“दाजी, या की जिमला माझ्याबरोबर,” डंबेल म्हणाला. “पहिला महिना दुखेल, मग सवय होते.”

यावर सेक्रेटरींनी टेबलावर हात आपटून जाहीर केलं की माणसाने लोखंड उचलण्यात काही पुरुषार्थ नाही, ते काम क्रेन करते. आपण जिमची पायरी न चढता आणि एक किलोही वजन न उचलता अंग खेळाडूसारखं कमावून दाखवू. सासूबाईंच्या वाढदिवसाला नवी बरणी आणावी, झाकण हवं तितकं घट्ट लावावं. सगळ्यांसमोर आपण ती उघडू. नाही उघडली तर दुसऱ्या दिवसापासून मेहुण्याचा हात धरून जिमला जाऊ, तेही त्याच्यासारखी आखूड चड्डी घालून.

सासूबाईंनी शांतपणे पर्स उघडली, चष्मा लावला आणि मोबाइलमध्ये वाढदिवसावर खूण करून ठेवली.

सेक्रेटरींना आपण सेक्रेटरी म्हणतो कारण सगळेच म्हणतात. ते एका विमा कंपनीच्या कचेरीत लोकांचे दावे नाकारायचं काम करतात, पण तिथे त्यांना कोणी नावाने किंवा पदाने ओळखत नाही. घरी आल्यावर मात्र ते चार मजली सोसायटीचे सेक्रेटरी असतात. पाण्याची टाकी, गाड्यांच्या जागा, जिन्यातले दिवे आणि लिफ्ट यांवर त्यांचं राज्य चालतं. हे इथेच सांगून ठेवलं, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. साध्या माणसाला व्यायामाची हुक्की आली तर त्याचे स्वतःचे पाय दुखतात. पदाधिकाऱ्याला आली तर इमारतीचे दुखतात.

व्यायामाची सुरुवात त्यांनी तत्त्वापासून केली. व्यायामापासून केली असती तर बरं झालं असतं. तत्त्व असं की वजन उचलायचं नाही. दुसऱ्याच दिवशी बाजारातून येताना बायकोने भाजीची पिशवी त्यांच्यापुढे धरली, तेव्हा ते दोन पावलं मागे सरकले.

“अगं, शब्द दिलाय मी,” ते म्हणाले. “पिशवी म्हणजे वजनच की नाही?”

बायकोने पिशवीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. “आणि तुम्ही हातात काय धरणार?”

“तोल,” सेक्रेटरी म्हणाले.

तेव्हापासून त्या घरात पिशव्या, पाण्याचे कॅन, धुण्याची बादली, गादी आणि गॅसचा सिलिंडर ही सगळी वजनं ठरली, आणि वजनं बायकोच्या खात्यात गेली. सेक्रेटरी मागून तोल धरून चालत. तत्त्वाचं असं असतं. ते धरायचं एकाने आणि वाहायचं दुसऱ्याने.

आता अंग कशाने कमवायचं, तर जिन्याने. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला जिना फुकट मिळतो, असं त्यांनी घरी भाषण केलं आणि सकाळी ऑफिसला निघताना लिफ्टचं बटण दाबलं. संध्याकाळीही दाबलं. असं आठवडाभर चाललं. लिफ्ट समोर उभी असताना जिना चढणं हे त्यांना पक्वान्नापुढे बसून उपास करण्यासारखं वाटे. शेवटी त्यांच्या लक्षात आलं की स्वतःच्या बोटावर ताबा ठेवण्यापेक्षा अख्ख्या इमारतीवर ताबा ठेवणं सोपं आहे. त्यांनी लिफ्टचा मेन स्विच बंद केला, स्विचच्या खोलीला कुलूप लावलं आणि खाली फळ्यावर लिहिलं: ‘सभासदांच्या आरोग्यहितार्थ लिफ्ट बंद ठेवण्यात येत आहे. सहकार्याबद्दल आभार.’ आभार आधी मानले की सहकार्य न करण्याची लोकांना लाज वाटते, हा त्यांचा कचेरीतला अनुभव होता.

पहिल्या संध्याकाळी सेक्रेटरी पहिल्या मजल्यापर्यंत चांगले गेले. तिथे त्यांच्या छातीत कोणीतरी कपाट सरकवतंय असं वाटायला लागलं. पण जिन्यात बसून धापा टाकणं पदाला शोभत नाही. म्हणून त्यांनी शिंप्याचं दार वाजवलं आणि सभासदांच्या तक्रारी जातीने ऐकायला आलोय असं सांगून त्याच्या खुर्चीत बसले. शिंप्याची तक्रार अशी होती की लिफ्ट बंद आहे. सेक्रेटरींनी ती शांतपणे, श्वास पूर्ववत होईपर्यंत ऐकली. मग दुसऱ्या मजल्यावर गुरांच्या डॉक्टरांची तक्रार ऐकली आणि तिसऱ्यावर गाण्याच्या बाईंची. त्यांच्या कारकिर्दीत सभासदांची इतकी विचारपूस कधी झाली नव्हती.

तक्रारीच्या पाठोपाठ सल्ले आले. लठ्ठ माणूस व्यायाम करतोय असं दिसलं की लोकांना आपणही गुरू आहोत हे अचानक आठवतं. शिंपी म्हणाला, दोरीवरच्या उड्या मारा, माप मी घेतो. आणि त्याने खरंच टेप काढून सेक्रेटरींच्या पोटाचं माप घेतलं, मोठ्याने वाचलं आणि आतल्या खोलीतल्या बायकोलाही ऐकवलं. सेक्रेटरींनी दोरी आणली. दोरीवरून उडी मारायला पाय आणि दोरी यांचं आपापसात बोलणं व्हावं लागतं, ते शेवटपर्यंत झालं नाही. तिसऱ्या मजल्यावर गाण्याच्या बाईंच्या छताचा दिवा मात्र खाली आला. तो शिष्येच्या पुढ्यात पडला तेव्हा ती वरचा सा लावत होती. तिच्या आईने तो सा खूप चांगला लागला म्हणून सांगितलं, पण शिकवणी सोडवली.

गाण्याच्या बाई वर आल्या नाहीत. त्यांनी खालूनच, सगळ्या जिन्यात घुमेल अशा आवाजात सेक्रेटरींना सांगितलं की अंग श्वासाने कमावलं जातं, धप्प धप्प करून नाही. श्वास नाभीत ओढा आणि तिथेच धरा. सेक्रेटरींनी तो कचेरीत, साहेबांसमोर उभं असताना धरला. साहेब बोलत राहिले. सेक्रेटरी जांभळे झाले. साहेबांना वाटलं, माणसाला आपलं बोलणं लागलं. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि घरी जाऊन आराम करा म्हटलं. नोकरीत साहेबाने दिलगिरी व्यक्त करण्याची ही पहिलीच वेळ, आणि तिचं कारण नाभी होतं.

या सगळ्यात इमारत मात्र बदलत होती. शिंप्याचं पोट आत गेलं. गाण्याच्या बाईंचा दम इतका वाढला की त्यांच्या ताना संपेनात. आणि सेक्रेटरींची बायको हातात दोन पिशव्या, खांद्यावर पाण्याचा कॅन घेऊन, फोनवर बहिणीशी बोलत चौथ्या मजल्यावर पोचायची आणि दार उघडताना तिचं वाक्य अर्धवट राहिलेलं नसायचं. हे कोणाच्या लक्षात आलं नाही. सेक्रेटरींच्या तर नाहीच. ते तेव्हा आरशासमोर पोट आत ओढून उभे असायचे.

लोकांचं अंग सुधारलं तशी जीभही सुधारली. फळ्यावरच्या आभारांखाली कोणीतरी खडूने नको ते लिहिलं. सेक्रेटरींनी विचार केला, वाढदिवस जवळ आला आहे, सासूबाईंचे गुडघे जुने आहेत, तेव्हा मोठ्या मनाने लिफ्ट सुरू करावी. त्यांनी कुलूप काढलं, मेन स्विच वर केला. लिफ्टने एकदा आवंढा गिळल्यासारखा आवाज केला आणि ती गप्प झाली.

मेकॅनिक आला, त्याने दार उघडून आत टॉर्च मारला आणि सांगितलं की बिघाड किरकोळ होता, तो काढला. पण इतके दिवस बंद असलेली लिफ्ट तपासणी खात्याच्या प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही. सेक्रेटरी तपासणी खात्यात गेले. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, खातं फक्त चालू लिफ्ट तपासतं. सेक्रेटरी म्हणाले, प्रमाणपत्राशिवाय ती चालू करता येत नाही. बाई म्हणाल्या, बरोबर आहे. सेक्रेटरी म्हणाले, मग तपासणार कसं. बाई म्हणाल्या, तेच तर. आयुष्यभर लोकांचे दावे नाकारलेल्या माणसाला त्या उत्तरातली कारागिरी कळली आणि क्षणभर कौतुकही वाटलं. शेवटी बाईंनी सांगितलं की इन्स्पेक्टर येतील तेव्हा येतील, तुम्ही फक्त वाट बघत असलं पाहिजे.

राहता राहिले गुरांचे डॉक्टर. ते म्हणाले, “सेक्रेटरी, मी उभ्या जन्मात घोड्याला पाठदुखी झालेली बघितली नाही. का? चार पायांवर चालतो. तुम्ही सगळा भार दोन पायांवर टाकता आणि मग दंडात ताकद नाही म्हणून रडता. हात जमिनीला लावा.” यात वजन उचलायचं नव्हतं, जिम नव्हती आणि वर शास्त्र होतं. वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी सेक्रेटरी दिवाणखान्यात चार पायांवर आले. खुर्च्यांना एक फेरी मारली. दुसऱ्या फेरीत आत्मविश्वास आल्याने ते जरा दुडक्या चालीने चालले आणि जेवायच्या टेबलाखालून जाताना मान वर करून बायकोला म्हणाले, “बघ.”

पाठीत काहीतरी कट्ट झालं.

बायकोने टेबल उचलून बाजूला केलं, तेही एका हाताने, दुसऱ्या हातात उलथनं होतं. सेक्रेटरी तसेच चार पायांवर राहिले. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, मानेवर थोपटलं, सवयीने दातही बघितले.

“बैल असता तर आत्ता इंजेक्शन दिलं असतं,” ते खेदाने म्हणाले. “माणसाचं लायसन्स नाही मला.”

माणसांच्या डॉक्टरांनी फोनवर गोळ्या सांगितल्या. सकाळपर्यंत सेक्रेटरी चार पायांवरून खुर्चीच्या आकारापर्यंत आले. म्हणजे बसलेले असताना ते नॉर्मल दिसत आणि उचलले तरी बसलेलेच राहत.

दुपारी सासर आलं. सासूबाईंनी जिन्याकडे बघितलं, फळ्यावरचे आभार वाचले आणि पार्किंगमध्ये खुर्ची मागवून तिथेच बसल्या. समोर स्टूल ठेवलं, स्टुलावर मधाची बरणी. पार्किंगच्या त्या कोपऱ्यात दुपारभर ऊन असतं. त्यांनी निरोप पाठवला की जावईबापूंना सवडीने यायला सांगा, मी काही वर येत नाही आणि बरणीही येत नाही.

सेक्रेटरींनी पाठीचं कारण सांगून पाहिलं असतं. पण पाठ दुखते म्हणणाऱ्या माणसाला सासर काय म्हणतं ते त्यांना माहीत होतं. ते “हो, हो” म्हणतं. ते म्हणाले, मला खाली न्या.

डंबेल पुढे आला. “दाजी, चिंता नको. तुमच्या दीडपट वजन मी रोज मारतो.” त्याने सेक्रेटरींना खांद्यावर टाकलं आणि निघाला. पहिली वळणं झोकात झाली. तिसऱ्या मजल्यावर गाण्याच्या बाई दारात उभ्या होत्या, त्यांच्यासमोर त्याने मुद्दाम एका हाताने केस नीट केले. त्याच्या पुढे मात्र त्याची पावलं जड व्हायला लागली. जिममध्ये वजन एका जागी उभं राहून उचलतात आणि समोर आरसा असतो. इथे आरसा नव्हता आणि वजन सूचना देत होतं. “डावीकडे घे. अरे कठडा. माझं डोकं.” दुसऱ्या मजल्यावर डंबेलचा दम संपला. त्याने सेक्रेटरींना पायरीवर ठेवलं आणि स्वतः भिंतीला टेकून बसला. ते मोठमोठे दंड आता दोन उशांसारखे मांडीवर पडले होते.

खालून बायको आली. वाढदिवसाचं सामान वर नेत होती, दोन्ही हातांत पिशव्या. तिने आधी भावाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. पिशव्या खाली ठेवल्या, पदर खोचला, सेक्रेटरींना पाठुंगळी घेतलं आणि चालायला लागली. मध्येच तिला काहीतरी आठवलं, ती थांबली, मागे वळून भावाला म्हणाली, “त्या पिशव्या वर ने. आणि वरचा गॅस बंद केलाय का बघ.”

“जड आहे का गं मी?” सेक्रेटरींनी तिच्या कानाशी विचारलं. बऱ्याच दिवसांत ते तिच्याशी इतक्या हळू आवाजात बोलले नव्हते.

“सिलिंडरपेक्षा हलके आहात,” ती म्हणाली. “फक्त सिलिंडरला धरायला कडी असते.”

पार्किंगमध्ये तिने त्यांना खुर्चीत ठेवलं. सासूबाईंनी बरणी पुढे केली. सेक्रेटरींनी हात लांब केला, बोटं झाकणावर टेकवली, आणि नेमका तेव्हा फाटकातून लिफ्टचा इन्स्पेक्टर आत आला.

सगळी इमारत धावली. मध, वाढदिवस, सेक्रेटरींची इज्जत, सगळं स्टुलाशी राहिलं. इन्स्पेक्टर हडकुळा आणि नियमाने चालणारा होता. त्याने सांगितलं की चाचणीसाठी लिफ्टमध्ये पूर्ण वजन भरून ती वर नेऊन खाली आणावी लागते. वजनाची सोय सोसायटीने करायची असते. केलीय का? सगळ्यांनी सेक्रेटरींकडे बघितलं. सेक्रेटरींनी वजनांशी संबंधच तोडलेला होता. मग शिंप्याचं शिलाईमशीन आलं, डॉक्टरांच्या पुस्तकांचे गठ्ठे आले, पाण्याचे कॅन आले. इन्स्पेक्टरने मान हलवली. अजून बरंच कमी पडतंय.

“आम्ही उभे राहतो की,” शिंपी म्हणाला.

“प्रमाणपत्र नसलेल्या लिफ्टमध्ये माणूस चढवता येत नाही,” इन्स्पेक्टर म्हणाला. “वजन चढवता येतं.”

बायकोने खुर्चीतल्या नवऱ्याकडे बघितलं. “हे चालतील का?”

इन्स्पेक्टर सेक्रेटरींभोवती एक चक्कर मारून आला. “हलतात?”

“कालपासून नाही.”

“बोलतात?”

“तेवढं करतात.”

“बोलले तर माणूस धरावा लागेल आणि चाचणी रद्द,” इन्स्पेक्टर म्हणाला. “गप्प राहणार असतील तर मला हरकत नाही.” त्याने कागदावर ‘इतर वजन: एक नग’ असं लिहिलं आणि सोसायटीने वजन पुरवल्याबद्दल सेक्रेटरींची सही घेतली. स्वतःच्या पावतीवर स्वतः सही करणारं ते पहिलंच वजन असावं. बायकोने त्यांना खुर्चीसकट उचलून आत ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, ही पण असू दे, आणि बरणी त्यांच्या मांडीवर दिली. दार बंद झालं.

लिफ्ट वर निघाली, आणि दोन मजल्यांच्या मध्ये, चाचणीचाच भाग म्हणून, थांबली. दिवा गेला. शिलाईमशीन आणि पुस्तकांच्या गठ्ठ्यांमध्ये सेक्रेटरी अंधारात बसले. तक्रार ऐकायला कोणाचं दार नव्हतं, बोलायची परवानगी नव्हती. हातांना काही काम नव्हतं म्हणून ते झाकणाशी चाळा करायला लागले. बरणी उन्हाने कोमट झाली होती.

झाकण फिरलं.

सेक्रेटरींचा आधी विश्वास बसला नाही. त्यांनी झाकण काढून मांडीवर ठेवलं, बोट बुडवून चाखून पाहिलं. मध होता. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं. आणि मिटलं, कारण ओरडले असते तर लिफ्ट गेली असती आणि तिच्यामागे सोसायटीने त्यांनाही घालवलं असतं. त्या बंद डब्यात सेक्रेटरींनी आयुष्यात पहिल्यांदा एक विजय मिळवला होता आणि तो सांगायला समोर फक्त शिलाईमशीन होतं.

मग त्यांनी ते केलं जे फक्त तेच करू शकत होते. पुरावा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हवा, म्हणून त्यांनी झाकण पुन्हा लावलं. नव्या ताकदीच्या भरात, दात आवळून, श्वास नाभीत धरून, होतं नव्हतं ते सगळं लावून घट्ट केलं.

दिवा आला. लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंत गेली, खाली आली, दार उघडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, लिफ्टसाठी. सेक्रेटरींनी बरणी उंच धरली, सासूबाईंकडे बघून मंद हसले आणि झाकण फिरवलं. झाकण जागचं हललं नाही. त्यांनी रुमाल घेतला. पोटाशी धरली. गुडघ्यांत धरता आली नाही, कारण गुडघेही जागचे हलत नव्हते.

तोवर डंबेल खाली आला होता आणि लांब उभा होता. या वेळी त्याने हात पुढे केला नाही. त्याला तो वर करता येत नव्हता.

बायको गाण्याच्या बाईंशी दिव्याच्या भरपाईबद्दल बोलत होती. बोलताबोलताच तिने नवऱ्याच्या हातून बरणी काढून घेतली, झाकण फिरवलं, बरणी आईपुढे ठेवली आणि वाक्य पूर्ण केलं.

“ढिली मीच केली होती,” सेक्रेटरी म्हणाले.

“हो, हो,” सासूबाई म्हणाल्या, आणि डंबेलला विचारलं की जावईबापूंच्या मापाची चड्डी तुमच्या जिममध्ये मिळते की शिंप्याला सांगायची. शिंपी म्हणाला, माप आहे माझ्याकडे.

इन्स्पेक्टर कागद आवरत होता. लिफ्ट पास झाली आहे, त्याने सांगितलं. पण प्रमाणपत्र टपालाने येतं. ते हातात पडेपर्यंत लिफ्टमध्ये कोणी पाऊल ठेवायचं नाही. वजनानेसुद्धा नाही.

बायको सेक्रेटरींना उचलायला वाकली, तेव्हा तिला त्यांच्या मिशीवर मध दिसला. तिने मधाकडे बघितलं, बरणीकडे बघितलं, मग बंद लिफ्टच्या दाराकडे. सेक्रेटरी श्वास धरून तिच्याकडे बघत राहिले. सगळं सासर समोर होतं. तिने एक शब्द काढला असता तर बाजी पलटली असती.

तिने अंगठ्याने मिशी पुसली.

“घट्ट धरा,” ती म्हणाली, “चार मजले आहेत.” आणि जिन्याच्या पहिल्या वळणावर, कोणी ऐकणार नाही असं बघून पुढे म्हणाली, “उद्यापासून भाजीची पिशवी धरणार असाल, तर सांगते त्यांना.”

सेक्रेटरींनी तिच्या पाठीवरून खाली पार्किंगमध्ये बघितलं. शिंपी कापड बघत होता. त्यांनी तत्त्वाचा विचार केला, शिंप्याच्या कात्रीचा विचार केला आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत तो विचार पूर्ण झाला.

“एकच पिशवी,” ते म्हणाले.

बायको चढत राहिली. तिने त्यांना पाठीवर जरा वर सरकवून घेतलं, सिलिंडर घेतात तसं, आणि म्हणाली, “मग चड्डीच घाला.”